सुट्या केलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील अवशिष्ट साहित्य : विलगीकरण, पुनर्चक्रीकरण आणि विक्रीव्यवस्था

सारांश

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराबरोबर टाकाऊ इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा प्रश्न गंभीर बनला आहे. ही उपकरणे सुटी केल्यावर त्यांतून पत्रा, तांबे, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, चालू स्थितीतील सुटे भाग आणि सोन्यासारखे मौल्यवान धातू मिळतात. या साहित्याची विक्री हा शहरी भारतातील असंख्य कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. प्रस्तुत लेखात उपकरण सुटे करण्याची प्रक्रिया, त्यातून निर्माण होणारी विक्रीची साखळी, धातू मिळविण्याच्या पद्धती व त्यांतील हानी आणि २०११ ते २०२२ या काळातील नियमांची वाटचाल यांचे विवेचन केले आहे. हाताने केलेले काळजीपूर्वक विलगीकरण हा या व्यवसायाचा सर्वांत मूल्यवान टप्पा असूनही सध्याच्या नियमांत त्याला स्वतंत्र स्थान उरलेले नाही, याकडे लेख लक्ष वेधतो. शैक्षणिक संस्थांच्या जबाबदारीचाही विचार अखेरीस केला आहे.

महत्त्वाचे शब्द : ई-कचरा, विलगीकरण, पुनर्चक्रीकरण, भंगार व्यवसाय, असंघटित क्षेत्र, विस्तारित उत्पादक जबाबदारी.

प्रस्तावना

टाकाऊतून मौल्यवान वस्तू वेचून काढण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. सोनाराच्या दुकानातील केर, भट्टीतील राख आणि दुकानासमोरील गटारातील गाळ धुऊन त्यातून सोन्याचांदीचे कण काढणारे झारेकरी पूर्वी सराफ कट्ट्यांच्या आसपास हमखास आढळत. जुने कपडे घेऊन त्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण आणि दारोदार फिरून रद्दी, बाटल्या, पत्रा विकत घेणारा भंगारवाला हे तर आजही परिचयाचे आहेत. वस्तूचे आयुष्य संपले तरी तिच्यातील द्रव्याचे मोल संपत नाही, ही जाणीव या सर्व व्यवसायांच्या मुळाशी आहे.

आज भंगारवाल्याच्या हातगाडीवर पत्र्याच्या डब्यांबरोबर संगणकाचे कॅबिनेट, बंद पडलेला दूरदर्शन संच, मोबाइल हँडसेट, प्रिंटर आणि चार्जर दिसतात. झारेकऱ्याच्या राखेत जसे सोने मिळत असे, तसेच ते सर्किट बोर्डांच्या ढिगातही असते. परंतु शिसे, पारा, कॅडमियम आणि ब्रोमिनयुक्त अग्निरोधके यांसारखी विषारी द्रव्येही या ढिगात असतात. मोल आणि विष एकाच वस्तूत एकत्र नांदणे हे ई-कचऱ्याचे मूलभूत वैशिष्ट्य होय. या व्यवसायाचे अर्थशास्त्र, त्यातील आरोग्याचे प्रश्न आणि त्यासंबंधीचे कायदे हे सर्व या एका वैशिष्ट्यातून उद्भवतात, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

उद्दिष्टे

१. इलेक्ट्रॉनिक उपकरणे सुटी करण्याची प्रक्रिया व तीतून मिळणाऱ्या साहित्याचे स्वरूप समजून घेणे.
२. अवशिष्ट साहित्याच्या विक्रीची साखळी स्पष्ट करणे.
३. धातू मिळविण्याच्या असंघटित व औद्योगिक पद्धतींची तुलना करणे.
४. भारतातील नियमांची वाटचाल व तिचा या व्यवसायावरील परिणाम तपासणे.
५. शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने या प्रश्नाचा विचार करणे.

प्रस्तुत विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

ई-कचरा : संकल्पना व व्याप्ती

विजेवर अथवा बॅटरीवर चालणारे उपकरण वापरकर्त्याने टाकून दिले की ते, त्याचे सुटे भाग आणि उत्पादनातील सदोष नग यांची गणना ई-कचऱ्यात होते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे अधिकृत संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. या कचऱ्यातील धातूंचे मूल्य सुमारे ९१ अब्ज अमेरिकी डॉलर असल्याचा अंदाज याच अहवालात मांडला आहे. चीन व अमेरिका यांच्याखालोखाल भारताचा क्रमांक लागतो आणि भारतातील २०२२ चे प्रमाण सुमारे ४१ लाख टन होते.

भारतातील या प्रश्नाची पद्धतशीर गणना २००० नंतर सुरू झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ सालासाठी देशातील ई-कचऱ्याचे प्रमाण सुमारे १.४६ लाख टन असल्याचा अंदाज केला होता. त्या अंदाजात राज्यांमध्ये महाराष्ट्र व शहरांमध्ये मुंबई अग्रस्थानी होती. या दोन आकड्यांची गणनापद्धती आणि त्यांत समाविष्ट उपकरणांची यादी भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करणे योग्य होणार नाही. तथापि वाढीची दिशा त्यांवरून पुरेशी स्पष्ट होते.

सुरुवातीच्या काळात विकसित देशांकडून होणारी कचऱ्याची निर्यात हा चर्चेचा मुख्य विषय होता. फेब्रुवारी २००२ मध्ये बासेल ॲक्शन नेटवर्क व सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोॲलिशन यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाने चीनमधील ग्वीयू आणि भारत व पाकिस्तानातील स्थितीकडे जगाचे लक्ष वेधले. त्यानंतर २००३ मध्ये टॉक्सिक्स लिंक या दिल्लीस्थित संस्थेचा भारतविषयक अहवाल आला. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बासेल करार १९८९ मध्ये संमत होऊन १९९२ मध्ये अमलात आला व त्याच वर्षी भारताने त्यास मान्यता दिली. या करारातील नव्या दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०२५ पासून घातक व बिगरघातक अशा सर्व प्रकारच्या ई-कचऱ्याच्या निर्यातीसाठी आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती आवश्यक झाली आहे. आता मात्र भारतापुढील मोठा प्रश्न आयातीचा नसून देशांतर्गत कचऱ्याचा आहे.

उपकरण सुटे करण्याची प्रक्रिया

डेस्कटॉप संगणकाचे उदाहरण घेतल्यास ही प्रक्रिया सहज समजते. कारागीर प्रथम स्क्रू काढून बाहेरील आवरण वेगळे करतो. त्याचा पत्रा लोखंडाच्या ढिगात आणि समोरची चौकट प्लास्टिकच्या ढिगात जाते. त्यानंतर वीजपुरवठा करणारा डबा, पंखा व तारा निघतात. तारांमध्ये व रोहित्रांच्या गुंडाळ्यांमध्ये तांबे असते. प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा पंखेदार ठोकळा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. हार्ड डिस्कचे कवचही ॲल्युमिनियमचे असून तिच्या पोटात निओडायमियमयुक्त शक्तिशाली चुंबक असतात. शेवटी मदरबोर्ड, स्मृतीच्या पट्ट्या आणि प्रोसेसर वेगळे केले जातात. स्मृतीच्या पट्ट्यांच्या कडेला दिसणारा पिवळा मुलामा सोन्याचा असतो. सोने गंजत नाही व वीज उत्तम वाहून नेते म्हणून जोडणीच्या टोकांना त्याचा मुलामा देतात.

जुन्या मॉनिटरमध्ये व दूरदर्शन संचांमध्ये काचेची चित्रनलिका असे. तिच्या मानेभोवतीच्या गुंडाळीचे तांबे विक्रीयोग्य असते. परंतु तिच्या मागील, नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत सुमारे २० ते २५ टक्के शिशाचे ऑक्साइड असते. एके काळी ही शिसेयुक्त काच नव्या नलिका बनविण्यासाठी वापरता येई आणि चालू नलिका स्वस्त दूरदर्शन संचांत पुन्हा बसविल्या जात. सपाट पडदे आल्यावर दोन्ही बाजारपेठा नाहीशा झाल्या. काल विकली जाणारी वस्तू आज पैसे देऊन टाकावी लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही ती नाल्याच्या काठी वा पडीक जागेत जाऊन पडते. म्हणूनच ई-कचऱ्यातील विषारी भागाचे भवितव्य बाजारभावावर सोपविता येत नाही.

सुटे करण्याचे हे काम वरवर पाहता अकुशल वाटते. वास्तविक कोणत्या बोर्डात सोने अधिक, कोणत्या आवरणाचे प्लास्टिक पुन्हा वितळविता येते, कोणती चकती चालू असण्याची शक्यता आहे, हे अनुभवी कारागीर नजरेने व हाताच्या अंदाजाने ओळखतो. हे ज्ञान लिखित स्वरूपात नाही. ते कामाच्या जागी, एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

विक्रीची साखळी व मूल्याची उतरंड

अवशिष्ट साहित्याच्या विक्रीत मूल्याची एक निश्चित उतरंड आढळते. दुरुस्त होऊ शकणाऱ्या संपूर्ण उपकरणाला सर्वाधिक किंमत मिळते. त्याखालोखाल चालू स्थितीतील सुटा भाग येतो. हार्ड डिस्क, स्मृतीची पट्टी, वीजपुरवठ्याचा डबा, मोबाइलचा पडदा किंवा कॅमेरा दुरुस्तीच्या बाजारात विकला जातो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, पुण्यातील तपकीर गल्ली आणि दिल्लीतील नेहरू प्लेस ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या व दुरुस्तीच्या बाजारपेठांची सुपरिचित उदाहरणे होत. तिसऱ्या पायरीवर बोर्डावरून उकलून काढलेले आयसी, धारित्रे व जोडणीचे भाग येतात. सर्वांत शेवटी उरते ते द्रव्य, म्हणजे वजनावर विकले जाणारे लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि बोर्ड. एक पायरी खाली उतरताना वस्तू घडविण्यासाठी खर्च झालेले श्रम व ऊर्जा वाया जातात. एखादी चालू हार्ड डिस्क ॲल्युमिनियमच्या भावाने विकणे म्हणजे घडवलेला दागिना मोडीच्या भावाने देण्यासारखे आहे.

या साखळीत फेरीवाला घरोघरी पैसे मोजून माल गोळा करतो व भंगाराच्या दुकानात विकतो. दुकानदार तो साठवून मोठ्या व्यापाऱ्याला देतो. व्यापारी उपकरणे सुटी करणाऱ्यांकडे माल पाठवितो आणि तेथून प्रत्येक द्रव्य आपापल्या स्वतंत्र खरेदीदाराकडे जाते. मुंबईत कुर्ला, साकीनाका व धारावी, तर दिल्लीत सीलमपूर ही या व्यवसायाची केंद्रे म्हणून ओळखली जातात. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे सर्किट बोर्डांवर प्रक्रिया करण्याचा धंदा वाढला. धातू वितळविण्याचे परंपरागत कसब तेथे आधीपासून होते, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

या साखळीचे बळ तिच्या संकलनात आहे. ती वापरकर्त्याच्या दारापर्यंत पोहोचते आणि त्याला रोख पैसे देते. अधिकृत केंद्रात उपकरण नेऊन देण्याचा प्रवासखर्च मात्र वापरकर्त्यालाच सोसावा लागतो. त्यामुळे जनजागृती कितीही केली तरी बहुसंख्य उपकरणे भंगारवाल्याकडेच जातात, यात आश्चर्य नाही.

धातू मिळविण्याच्या पद्धती व त्यांतील हानी

संगणकाच्या एक टन सर्किट बोर्डांमध्ये सुमारे २०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक सोने असू शकते. सोन्याच्या खाणीतील एक टन खनिजात साधारणतः ५ ग्रॅमच्या आसपास सोने मिळते. बोर्डाच्या वजनात तांब्याचा वाटा सुमारे २० टक्के असतो. नागरी खाण ही संज्ञा या तुलनेतूनच रूढ झाली.

तथापि ही तुलना सावधपणे करावी लागते. टोकियो ऑलिंपिकची पदके घडविण्यासाठी जपानने एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात नागरिकांकडून ७८,९८५ टन छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणे गोळा केली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल हँडसेट होते. या सर्वांतून सुमारे ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी व २,२०० किलो कांस्य मिळाले. याचा अर्थ संपूर्ण उपकरणांच्या दर टनामागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी सोने हाती आले. हे प्रमाण खनिजापेक्षाही कमी आहे. सोने असते ते निवडक बोर्डांत व जोडणीच्या टोकांत. बाकीचे वजन पत्रा, प्लास्टिक आणि काच यांचे असते. त्यामुळे कचऱ्याला खाणीचे रूप येते ते विलगीकरणामुळेच. हाताने वेगळा केलेला बोर्ड हेच या नागरी खाणीचे खरे समृद्ध खनिज होय.

असंघटित क्षेत्रात बोर्डांवरील भाग शेगडीवर तापवून, डाख वितळवून सुटे करतात. वितळणाऱ्या डाखेत जुन्या उपकरणांच्या बाबतीत कथील व शिसे असते आणि त्याचे बाष्प कारागिराच्या श्वासात जाते. पुढे नत्राम्ल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, सोने विरघळवितात. काही ठिकाणी सायनाइडचा वापर होतो. उरलेले आम्ल गटारात सोडले जाते. तारांवरील पीव्हीसीचे वेष्टन जाळून तांबे काढताना डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक संयुगे तयार होतात. एवढे करूनही मिळकत तुटपुंजीच असते. २००० नंतरच्या दशकात बंगळुरू येथील अशा पद्धतीच्या अभ्यासात बोर्डांतील सोन्यापैकी साधारण पाव हिस्साच हाती येत असल्याचे आढळले. उरलेले सोने सांडपाण्यात व गाळात वाहून जाते.

दुसऱ्या टोकाला बेल्जियममधील होबोकन येथील युमिकोर किंवा स्वीडनमधील रॉनस्कार यांसारखे एकात्मिक धातुशोधन प्रकल्प आहेत. तेथे बोर्ड थेट भट्टीत घालतात. वितळलेले तांबे मौल्यवान धातूंना आपल्यात सामावून घेते व नंतर विद्युतविघटनाने आणि रासायनिक प्रक्रियांनी एकेक धातू वेगळा करतात. अशा प्रकल्पात पोहोचलेल्या सोन्यापैकी सुमारे ९५ टक्के सोने परत मिळू शकते. बाहेर पडणारे वायू शुद्ध करण्याची व्यवस्था तेथे असते. त्यासाठी लागणारे भांडवल मात्र प्रचंड असते.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. बोर्ड भट्टीपर्यंत पोहोचण्यापूर्वी काय होते, यावर सर्व अवलंबून असते. जर्मनीतील एका आधुनिक यांत्रिक प्रकल्पाचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे उपकरणे हाताने पूर्ण सुटी न करता यंत्राने त्यांचे तुकडे केले जात. या टप्प्यातच मौल्यवान धातूंचे कण लोखंड, प्लास्टिक व धूळ यांत मिसळून गेले आणि सोने मिळू शकेल अशा भागात सोन्यापैकी केवळ २५.६ टक्के सोने पोहोचले. म्हणजे अम्लराजाची बादली आणि महागडे तुकडेयंत्र यांच्या हाती जवळपास सारखाच वाटा लागला. हानीची कारणे मात्र अगदी भिन्न होती. पहिल्या ठिकाणी विलगीकरण उत्तम व धातुशोधन सदोष होते, तर दुसऱ्या ठिकाणी धातुशोधनाची सोय उत्तम असून विलगीकरण अपुरे होते. हातांनी विलगीकरण भारतासारख्या देशात आणि बोर्डांचे धातुशोधन प्रगत प्रकल्पात अशी दोन्ही जगांतील उत्तम बाबींची सांगड घालावी, हा विचार याच काळात काही अभ्यासकांनी मांडला. आरोग्य व अर्थकारण या दोन्ही दृष्टींनी तो आजही विचारार्ह आहे.

आरोग्याचा प्रश्न

शिशाचे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारे परिणाम सर्वज्ञात आहेत. त्याचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. या संघटनेने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात असंघटित कचरा क्षेत्रात सुमारे १ कोटी २९ लाख स्त्रिया काम करतात. त्यामुळे त्यांच्या व त्यांच्या होणाऱ्या अपत्यांच्या आरोग्याला धोका संभवतो. ज्या असंघटित उद्योगक्षेत्राचा कचरा प्रक्रिया हा एक भाग आहे, त्यात १ कोटी ८० लाखांहून अधिक मुले व किशोरवयीन गुंतलेले आहेत. घर आणि कामाची जागा एकच असेल, तर काम न करणारे मूलही त्या धुरातून सुटत नाही.

असे असले तरी या व्यवसायातील सर्व टप्पे सारखेच धोकादायक नाहीत. स्क्रू काढणे, भाग वेगळे करणे, प्रतवारी लावणे ही कामे हातमोजे, मुखपट्टी, हवेशीर जागा व साधी हत्यारे यांच्या साहाय्याने बऱ्याच अंशी सुरक्षितपणे करता येतात. चित्रनलिका फोडणे, पारायुक्त दिवे हाताळणे, बोर्ड तापविणे, आम्लात घालणे व तारा जाळणे ही कामे मात्र वस्तीत होताच कामा नयेत. धोरण आखताना हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

नियमांची वाटचाल

भारतात २००८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ई-कचऱ्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. स्वतंत्र नियम २०११ मध्ये अधिसूचित होऊन १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यांत विस्तारित उत्पादक जबाबदारीचे तत्त्व प्रथमच आले. वस्तू विकून उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, तिच्या अखेरच्या विल्हेवाटीपर्यंत ती राहते, असा या तत्त्वाचा आशय आहे. याच नियमांनी शिसे, पारा, कॅडमियम आदींच्या नव्या उपकरणांतील वापरावर मर्यादा घातल्या. त्यापुढील २०१६ च्या नियमांनी उत्पादकांना संकलनाची उद्दिष्टे ठरवून दिली. या दोन्ही नियमांत उपकरणे सुटी करणारा घटक पुनर्चक्रीकरण करणाऱ्यापासून वेगळा मानून त्यास स्वतंत्र मान्यता घेण्याची तरतूद होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले व १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले नियम वेगळ्या पायावर उभे आहेत. समाविष्ट उपकरणांची संख्या २१ वरून १०६ झाली व सौर पट्ट्याही त्यांत आल्या. नोंदणीसाठी निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा व पुनर्चक्रीकरण करणारा असे चारच घटक ठेवले आहेत. पुनर्चक्रीकरण करणारा धातू परत मिळवितो, त्याबद्दल त्याच्या नावे प्रमाणपत्रे तयार होतात आणि उत्पादक ती विकत घेऊन आपले उद्दिष्ट पूर्ण करतो. हे उद्दिष्ट २०२३-२४ साठी ६० टक्के होते व २०२७-२८ पासून ते ८० टक्के राहील. आरंभी ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम या चार धातूंपुरती ठेवली गेली. प्रमाणपत्रांच्या किमतीवरून वादही झाला. मंडळाने २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये हा किमान दर ठरविला आणि काही उत्पादक कंपन्यांनी त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

या रचनेत पैशाचा ओघ पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे वळतो, हे उघड आहे. उपकरणे सुटी करणारा व संकलन केंद्र यांना नोंदणीचे स्वतंत्र स्थान नाही. नियमांत राज्य शासनाने या कामगारांची नोंदणी करावी, त्यांचे गट स्थापण्यास साहाय्य करावे, औद्योगिक वसाहतींत जागा राखून ठेवाव्यात व कौशल्य प्रशिक्षण द्यावे, अशी तरतूद आहे. म्हणजे कामगाराची दखल घेतली आहे, परंतु त्याच्या व्यवसायाला प्रमाणपत्राच्या बाजारात प्रवेश नाही. परिणामी ज्या टप्प्यावर कचऱ्याचे खनिज बनते, तो टप्पा पुन्हा अनौपचारिकतेत ढकलला जाण्याचा संभव आहे. कोणत्याही व्यवसायाला नियमाबाहेर ठेवल्याने तो बंद होत नाही, त्याच्यावर देखरेख ठेवणे तेवढे अशक्य होते.

याला पर्याय आहेत. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना कामगार म्हणून ओळख मिळवून दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने २००८ मध्ये करार केला. मुख्यत्वे घनकचऱ्याच्या क्षेत्रातील हा प्रयोग असला, तरी असंघटित कष्टकऱ्यांना हटविण्याऐवजी संघटित करून सार्वजनिक व्यवस्थेत सामावून घेता येते, हे त्याने दाखवून दिले. औद्योगिक बाजूने पाहता बंगळुरूजवळील ई-परिसरा हा २००५ पासून कार्यरत झालेला प्रकल्प अधिकृत पुनर्चक्रीकरणातील आरंभीचा भारतीय प्रयत्न मानला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ई-कचरा व लिथियम आयन बॅटऱ्यांतून महत्त्वाची खनिजे मिळविण्यासाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेस मंजुरी दिली. भट्ट्यांसाठी भांडवल येत असताना त्या भट्ट्यांना योग्य प्रतीचा माल पुरविणाऱ्या हातांचा विचारही त्याबरोबर व्हावा, ही अपेक्षा रास्त ठरते.

शैक्षणिक संस्था व ई-कचरा

महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतून ठरावीक काळाने मोठ्या प्रमाणावर उपकरणे बाद होतात. निर्लेखनाचा ठराव होतो, दरपत्रके मागविली जातात आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्याला माल दिला जातो. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने मात्र ती सदोष ठरू शकते. सुरक्षित प्रक्रियेचा खर्च ज्याला करावा लागत नाही, तोच बहुधा अधिक बोली लावू शकतो. म्हणून केवळ किमतीवर आधारलेला लिलाव नकळत असुरक्षित प्रक्रियेलाच प्रोत्साहन देतो.

२०१६ च्या नियमांतील घाऊक ग्राहकाच्या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचा नामोल्लेख होता. २०२२ च्या नियमांनुसार आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी सूचीतील किमान १,००० उपकरणे वापरणारी संस्थाच घाऊक ग्राहक ठरते. अनेक मध्यम व लहान महाविद्यालये त्यामुळे या व्याख्येबाहेर राहतात. असे असले तरी नॅकच्या मूल्यांकनातील सातव्या निकषात ई-कचरा व्यवस्थापनाची विचारणा होत आली आहे. तेथे केवळ करारपत्राची प्रत जोडून भागविण्यापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार तपासणे श्रेयस्कर ठरेल. शिवाय बाद संगणकांच्या हार्ड डिस्कमध्ये विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते व परीक्षाविषयक नोंदी असतात. फाइल पुसली म्हणजे माहिती नष्ट झाली असे होत नाही, याचेही भान ठेवावे लागते.

निष्कर्ष

१. ई-कचऱ्यातील मौल्यवान धातूंचे प्रमाण संपूर्ण उपकरणात अल्प असते. विलगीकरणानंतरच ते किफायतशीर ठरते.
२. असंघटित क्षेत्राचे सामर्थ्य संकलन व हाताने केलेल्या विलगीकरणात आहे, तर त्याचे दौर्बल्य व धोका रासायनिक धातुशोधनात आहे.
३. यांत्रिक तुकडीकरणामुळेही मौल्यवान धातूंची मोठी हानी होते.
४. ज्या विषारी भागांना बाजारभाव नाही, त्यांची विल्हेवाट बाजारावर सोडता येत नाही. तिचा खर्च उत्पादकाच्या जबाबदारीतून भागविणे आवश्यक आहे.
५. सध्याच्या नियमांत उपकरणे सुटी करणाऱ्या कारागिरांना आर्थिक लाभात निश्चित वाटा नाही.

उपाययोजना

१. कारागिरांच्या सहकारी संस्थांनी वेगळे केलेले बोर्ड नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांनी किमान हमी दराने विकत घ्यावेत व त्याची नोंद प्रमाणपत्र व्यवस्थेत व्हावी.
२. औद्योगिक वसाहतींत राखीव जागा देण्याच्या तरतुदीची जिल्हानिहाय अंमलबजावणी व्हावी.
३. महाविद्यालयांनी निर्लेखित उपकरणांच्या दरपत्रकात केंद्रीय मंडळाकडील नोंदणीचा पुरावा ही पात्रतेची अट ठेवावी आणि किमतीची तुलना त्यानंतर करावी.
४. निर्लेखनापूर्वी चालू सुटे भाग वेगळे काढून दुरुस्तीसाठी किंवा विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी वापरावेत.
५. हार्ड डिस्कवरील माहिती कायमस्वरूपी नष्ट केल्याची लेखी नोंद ठेवावी.

समारोप

झारेकरी राख धुऊन सोने काढीत असे, तेव्हा त्याच्या कष्टाचे मोल सराफाने ठरविले, पण त्याची गरज कोणी नाकारली नाही. आजच्या ई-कचऱ्याच्या व्यवस्थेत स्क्रू काढणाऱ्या हातांची गरज तेवढीच आहे. त्या हातांना आम्लापासून व धुरापासून दूर ठेवणे आणि त्यांच्या कसबाला नियमांच्या चौकटीत स्थान देणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतील. महाविद्यालयाच्या आवारातून बाहेर पडणारा प्रत्येक बाद संगणक कोणाच्या तरी अंगणात जाऊन उघडला जातो. तो कोठे व कसा उघडला जावा, हे ठरविण्याचा काही अंशी अधिकार निर्लेखनाच्या ठरावावर स्वाक्षरी करणाऱ्यांच्या हाती असतो.